नावडतीचे धुणे

नवे वॉशिंग मशीन ज्या दिवशी घरात येते, त्याच दिवशी जुने घराबाहेर पडते. दोघांनी शेजारी-शेजारी नांदावे अशी सोय बहुतेक घरांत नसते. नळ एकच, पाणी जायची वाट एकच, प्लगही एकच. ग्रामोफोन माळ्यावर जातो, आजीचे शिवणयंत्र चादर पांघरून कोपऱ्यात बसते, जुना रेडिओ तर दिवाणखान्यात मिरवतो. सत्तर-ऐंशी किलोचे वॉशिंग मशीन मात्र कोणी माळ्यावर चढवत नाही. नवे पोचवायला आलेली माणसेच जुने टेम्पोत टाकतात आणि वीस-पंचवीस वर्षे घरादाराचा मळ काढलेले ते यंत्र भंगाराच्या ढिगावर जाऊन पडते.

अशी यंत्रे हुडकून घरी आणणारे, खोलून दुरुस्त करणारे आणि पुन्हा त्यांतच आपले कपडे धुणारे लोक जगात आहेत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते विशेष आढळतात. कोणी वारले आणि घर मोकळे होऊ लागले की तळघरात एखादे मशीन सापडते, शेतावरच्या लिलावात एखादे निघते. हे लोक ट्रेलर जोडून शेकडो मैल जातात आणि ज्याला भंगारवालाही मोल देत नव्हता असा डबा जपून घेऊन येतात.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ईटन नावाचे लहानसे गाव आहे. विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेल्या ली मॅक्सवेल यांनी तिथे धुण्याच्या यंत्रांचे संग्रहालयच उभे केले. ऐंशीच्या दशकात सुरुवात झाली आणि संग्रह हजाराच्या पुढे गेला. गिनेस बुकाने त्याची दखल घेतली. त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘सेव्ह विमेन्स लाइव्ह्ज’, म्हणजे ‘बायांचे जीव वाचवा’. ज्यांनी विहिरीचे पाणी शेंदून आणले, चुलीवर तापवले, कपडे खारात भिजवले, बडवले, खळबळले, पिळले आणि ओल्या चादरींचे ओझे दांडीपर्यंत वाहिले, त्यांना हे नाव अतिशयोक्तीचे वाटणार नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सोमवार हा धुण्याचा वार असे आणि तो अख्खा दिवस त्यात जाई.

जमवणाऱ्यांच्या जगातही आवडत्या आणि नावडत्या आहेतच. तांब्याच्या टबाचे यंत्र घासूनपुसून लखलखीत केले की शोभेची वस्तू म्हणून त्याला किंमत येते. दोन रुळांमधून कपडे पिळून काढणारी रिंगरची यंत्रे बागेत ठेवून त्यांत फुलझाडे लावतात, नाहीतर समारंभात त्यांत बर्फ घालून बाटल्या थंड करतात. खरी नावडती म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले पत्र्याचे चौकोनी ठोकळे. आधी पांढरे, आणि सत्तरच्या दशकात ॲव्होकाडोच्या सालीसारखे हिरवे किंवा पिकल्या गव्हाच्या रंगाचे. नावडतीचे मीठ अळणी, तसा यांचा प्रत्येक गुण दोषात जमा होतो. रंग जुनाट, आवाज मोठा, पाण्याचा खर्च भरमसाट. पाण्याचा आरोप खरा आहे. एका धुण्याला दीडशे लिटरच्या आसपास पाणी त्यांना सहज लागे. पण मानवी हुशारी ज्या पत्र्याआड दडलेली आहे, तो पत्रा हाच. म्हणून या लेखात भर त्यांच्यावर आहे.

आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची मेटॅग कंपनी १८९३ साली निघाली ती शेतीची अवजारे करायला. शेतकऱ्यांना अवजारे वर्षातून एकाच हंगामात लागत. बाकीचे महिने कारखाना चालावा म्हणून १९०७ साली धुण्याचे यंत्र आले. त्या काळच्या यंत्रांत झाकणाला खाली एक लाकडी रवी लटकत असे आणि ती कपडे ढवळी. १९२२ च्या ‘गायराफोम’ यंत्रात मेटॅगने ती रवी काढून टबाच्या तळाशी पात्यांचा खांब बसवला. यालाच ॲजिटेटर म्हणतात. आता कपडे घुसळण्याऐवजी पाणी घुसळले जाऊ लागले आणि ते कपड्यांमधून जोराने जाऊ लागले. पुढची ऐंशी वर्षे अमेरिकेची बहुतेक घरे याच कल्पनेवर धुणे धूत राहिली.

वीज न पोचलेल्या शेतघरांसाठी मेटॅगने यंत्राखाली छोटे पेट्रोल इंजिन बसवले होते. स्कूटरला मारतो तशी पायाने किक मारायची, धुराची लवचीक नळी दारातून बाहेर सोडायची आणि धुणे सुरू करायचे. या इंजिनांचे वेड असणारे लोक वेगळेच आहेत. ते इंजिन काढून घासतात, रंगवतात, प्रदर्शनात नेतात, आणि ज्या यंत्रासाठी ते बनले होते ते यंत्र मागे टाकून देतात. म्हणून इंजिनासकट पूर्ण यंत्र मिळणे अवघड झाले आहे. रिंगरची यंत्रे मेटॅगने १९८३ पर्यंत बनवली. विजेचे कनेक्शन घेणे धर्माने वर्ज्य मानणाऱ्या आमिश लोकांच्या घरी ती आजही चालतात, नव्या पेट्रोल इंजिनाला जोडून. त्यांच्यामुळेच या यंत्रांचे कित्येक सुटे भाग टिकून राहिले आहेत.

१९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत घरगुती वॉशिंग मशीनचे उत्पादन थांबले. कारखाने विमानांचे आणि तोफांचे भाग करू लागले. युद्ध संपले तेव्हा लोकांच्या हाती पैसा होता, मशीन मात्र नव्हते. म्हणून १९४७ च्या सुमारास एकाच वेळी अनेक कंपन्या आपापली स्वयंचलित यंत्रे घेऊन उतरल्या आणि एकमेकींचे पेटंट टाळायचे तर प्रत्येकीला धुण्याची वेगळी रीत शोधणे भाग होते. जुन्या यंत्रांत इतकी विविधता दिसते ती यामुळे. जनरल मोटर्सच्या मालकीच्या फ्रिजिडेअरचा ॲजिटेटर गोल फिरतच नसे. मुसळासारखा वर-खाली होई आणि कपडे मध्यावर खाली खेचून कडेने वर आणी. पिळतानाही या यंत्राचा टब मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेई. जनरल इलेक्ट्रिकने ॲजिटेटरच्या डोक्यावर जाळीदार थाळी बसवली. धुण्याचे पाणी सतत तीवर पडे आणि दोरे, लव, केस वर अडकून राहत. १९७९ साली जनरल मोटर्सने फ्रिजिडेअर विकली आणि मुसळाची ती रीत तिथेच संपली. ती कशी चालते हे आज पाहायचे असेल तर कोणीतरी दुरुस्त करून जपलेले यंत्र गाठण्याला पर्याय नाही.

मेटॅगच्या पन्नासच्या दशकातल्या यंत्रणेवर जाणकारांचा फार जीव आहे आणि ती खोलून पाहिली की त्याचे कारण कळते. मोटर छोट्या गाडीवर बसवलेली, गाडी स्प्रिंगने ताणलेली. बेल्ट ढिला पडू लागला की गाडीच सरकून ताण धरते. मोटर एका दिशेने फिरली की ॲजिटेटर हलतो. उलट फिरली की खालची पुली मळसूत्रासारख्या आट्यांवर चढते, ब्रेक दाबून मोकळा करते आणि सबंध टब फिरू लागतो. धुणे आणि पिळणे यांत बदल करायला वेगळा क्लच नाही, विजेचा चुंबक नाही. एक आटा ते काम करतो. ही यंत्रणा पन्नास वर्षे, कंपनी विकली जाईपर्यंत, बनत राहिली. १९६७ पासून मेटॅगच्या जाहिरातीत दुरुस्तीला कोणी बोलावत नाही म्हणून कंटाळून बसलेला मेकॅनिक दिसे. २००६ साली व्हर्लपूलने मेटॅग घेतली आणि पुढच्याच वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला.

अशा यंत्राची दुरुस्ती जवळून पाहण्यासारखी असते. पहिली झुंज बहुधा ॲजिटेटरशी. तो दातेरी शाफ्टवर बसवलेला असतो आणि तीस-चाळीस वर्षांच्या साबणाने व गंजाने शाफ्टला जणू डिंक लावल्यासारखा चिकटलेला असतो. हातोडी मारली तर पाते तुटते आणि तसे पाते पुन्हा मिळत नाही. जाणता माणूस टबात कढत पाणी ओततो आणि थांबतो. उष्णतेने ॲजिटेटर शाफ्टपेक्षा जास्त फुगतो. मग जाड सुती दोरीचे दोन वेढे पात्यांखालून समोरासमोर घालायचे आणि सरळ, अगदी सरळ वर ओढायचे. नाही सुटला तर पाणी बदलायचे, पुन्हा थांबायचे. कधी पहिल्या खेपेला जमते, कधी चार दिवस जातात. सुटतो तेव्हा बाटलीचे बूच उडाल्यासारखा आवाज होतो. खाली काळपट, मऊ, साबणाचा लगदा असतो आणि त्यात त्या घराचा पुरावा रुतलेला असतो: नाणी, केसांच्या पिना, शर्टाची बटणे, एखाद्या खेळण्याचे चाक.

त्यानंतर टब धरून ठेवणारा मोठा नट. काही यंत्रांत त्याला उलटे आटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो सोडवायच्या नादात तो आणखी आवळत बसतो. नटाखाली रबरी सील. सगळ्या दुरुस्तीचा खरा जीव या हाताच्या तळव्याएवढ्या रबरात आहे. ते गेले की पाणी बेअरिंगवर उतरते, बेअरिंग गंजते, मशीन घरघरू लागते आणि मालक म्हणतो, आता हे टाकायला झाले.

मोटार, घड्याळ, कॅमेरा जमवणाऱ्यांना वस्तू कपाटात किंवा शेडमध्ये ठेवून देता येते. वॉशिंग मशीनचे तसे नाही. ते स्वस्थ बसले की मरू लागते. कोरडे पडलेले सील कडक होऊन भेगाळते, पंप चिकटतो, तळाशी राहिलेले ओंजळभर पाणी टबाला आतून गंजवते, वंगण घट्ट होते. म्हणून या छंदात जमवणे आणि वापरणे वेगळे काढता येत नाही. ज्याच्याकडे दहा मशीन आहेत त्याला दहाही आळीपाळीने चालवावी लागतात आणि त्यासाठी मळके कपडे पुरवावे लागतात. काही जमवणारे एकत्र जमतात तेव्हा घरून धुणे बरोबर घेऊन येतात. काचेआड ठेवलेल्या वस्तूंच्या दुनियेत ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण यंत्राचा आवाज, त्याची लय, पाण्याचा भोवरा यांतले काहीच थांबलेल्या यंत्रात दिसत नाही.

काळजीही घ्यावी लागते. अमेरिकेत १९७९ पूर्वीच्या मोटरींच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकते. तो फोडायचा नाही, आधी बदलायचा. पन्नासच्या दशकातल्या वायरींचे आवरण बोटांत चुरा होते. अर्थिंग नसलेल्या यंत्रात पाणी आणि वीज शेजारी आणणे हा जिवाशी खेळ आहे.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. तिथली स्वयंपाकघरे लहान, म्हणून यंत्रेही लहान आणि चाकांवरची. अमेरिकेच्या हूव्हर कंपनीने १९४८ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिल या कोळशाच्या गावात कारखाना काढला आणि तिथून जी पहिली यंत्रे निघाली त्यांच्या टबाच्या बाजूच्या भिंतीत चक्री होती आणि पिळायला वर हाताने फिरवायचा रिंगर. मग आली दोन टबांची ट्विन-टब. १९५८ पासून जॉन ब्लूम यांनी वर्तमानपत्रात जाहिराती देऊन, दुकानदाराला वगळून, जवळपास निम्म्या किमतीत ती घरोघर पोचवली. त्यांची रोल्स रेझर कंपनी १९६४ च्या उन्हाळ्यात बुडाली, पण तोवर हजारो कामगार कुटुंबांत पहिले मशीन आले होते. हूव्हरच्या साठच्या दशकातल्या ‘कीमॅटिक’मध्ये तर धुण्याचा प्रकार निवडायचे बटण नव्हतेच, चौकोनी प्लास्टिकची पट्टी चार कडांनी आणि दोन बाजूंनी आठ प्रकारे खाचेत बसे आणि त्यावरून यंत्र कापडाचा प्रकार ओळखी. ही पट्टी हरवली की सगळे अडते, म्हणून मशीनपेक्षा पट्टीच आधी विचारली जाते. मर्थरचा कारखाना २००९ साली बंद झाला. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांची सी-५ ही छोटी विजेची गाडी १९८५ साली याच कारखान्यात बनली, म्हणून तिला वॉशिंग मशीनची मोटर होती अशी वावडी अजून ऐकू येते. ती खरी नाही.

या यंत्रांनी बायकांचे काम हलके केले का? स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: घरात पहिले मशीन आले तेव्हा त्यांची आजी खुर्ची घेऊन समोर बसली आणि धुणे संपेपर्यंत पाहत राहिली. तिने जन्मभर लाकडे पेटवून पाणी तापवले होते. पण इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दुसरी बाजू दाखवली. मशीन आले तसे बाहेरच्या लाँड्रीत जाणारे कपडे घरी परतले, आठवड्याचा सदरा रोजचा झाला, स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि धुणारी बाई मात्र एकटीच राहिली. रिंगरच्या रुळांत बोटे आणि मग कोपरापर्यंत हात ओढला जाणे इतके नेहमीचे होते की डॉक्टरांनी त्या दुखापतीला ‘रिंगर आर्म’ असे स्वतंत्र नाव दिले. त्यात लहान मुले फार असत. जुन्या रिंगरवर झटक्यात रूळ सुटे करणारी आडवी पट्टी दिसते. कोणाचा तरी हात अडकल्यानंतरच ती तिथे आली आहे.

महाराष्ट्रात हा छंद अजून रुजलेला नाही, पण त्याची सामग्री घरोघर आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनने जपानी धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक मध्यमवर्गीय घरांत पोचवली. गोव्यात वेर्ण्याला आयएफबीचा कारखाना उभा राहिला, पुढून दार उघडणाऱ्या यंत्रांचा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ब्रिटनने केव्हाच टाकून दिलेली ट्विन-टबच, फक्त चक्री तळाशी. इथे ती टिकली याचे कारण नळाला सकाळी तासभर येणारे पाणी. या यंत्राला नळ लागत नाही, बादलीने भरता येते. पांढऱ्या कपड्यांचे साबणाचे पाणी रंगीत कपड्यांना चालते, मग तेच मोरी धुवायला.

सेमी-ऑटोमॅटिकचा टायमर उघडून पाहावा. जुन्या यंत्रांत तो विजेवर चालत नाही. बटण पिळताना आपण आतल्या स्प्रिंगला गजराच्या घड्याळासारखी चावीच देत असतो. स्प्रिंग उलगडत जाते तशी छोटी दातेरी चक्रे फिरतात आणि त्यांच्या उंचवट्यांनी तांब्याच्या पट्ट्या जुळतात-सुटतात: मोटर काही सेकंद एकीकडे, थोडा थांबा, काही सेकंद दुसरीकडे. पट्ट्यांची टोके ठिणग्यांनी काळी पडतात. बारीक पॉलिश पेपरने घासली की बंद पडलेले मशीन पुन्हा दोन्हीकडे फिरते. पिळायच्या टबाखालचे रबर फाटले की पाणी थेट मोटरवर. झाकण उघडल्यावर टब थांबवणारी ब्रेकची तार तुटली की टब फिरतच राहतो. खालून उघड्या पत्र्यातून उंदीर शिरून वायरी कुरतडतात. कोकणात आणि मुंबईत खारी हवा पत्रा खाते, बोअरच्या पाण्याच्या गावी टबावर पांढरा क्षार चढतो. गल्लीतल्या मेकॅनिकला हे सगळे पाठ असते. आवाज ऐकून तो सांगतो की कपॅसिटर गेला की बेल्ट. ही विद्या कुठे लिहिलेली नाही. २०१८ साली व्हिडिओकॉनचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले; त्या जुन्या मशीनचे भाग आता एकातून काढून दुसऱ्यात घालूनच भागवावे लागतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, अंग घासायच्या वज्री आहेत. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास या वस्तू जमवायला घेतल्या तेव्हा त्या कोणाच्याही घरी सापडत आणि कोणालाही त्यांचे अप्रूप नव्हते. तशा वस्तूंच्या रांगेत बसावी अशी यंत्रे आज पस्तीस-चाळीस वर्षांची होऊन मोरीच्या बाहेर, गॅलरीत, गच्चीच्या जिन्याखाली उभी आहेत. झाकणावर कुंड्या, आत जुने पेपर.

युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षे मिळाले पाहिजेत असा नियम आहे. तरी आजच्या अनेक यंत्रांचा बाहेरचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो. आतले बेअरिंग गेले तर सबंध टब बदला. जुन्या टबाला नटबोल्ट होते. तो खोलता येत होता, कारण कोणीतरी तो पुढे खोलणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरले होते. तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. जुने मशीन भिंतीपासून ओढून मागचा पत्रा काढला की अनेकदा आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला सापडतो, वायरिंगचा नकाशा. लाल, निळी, पिवळी वायर कुठून कुठे जाते, कपॅसिटर किती क्षमतेचा, सगळे त्यावर छापलेले असते. ओलीने त्याचे कोपरे सुटलेले असतात, गंजाचे डाग पडलेले असतात, पण अक्षर वाचता येते. मशीन भंगारात द्यायचेच असेल तरी आधी त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. त्याच मॉडेलचे दुसरे मशीन कुठेतरी कोणी खोलून बसलेले असेल आणि त्याच्या पत्र्यावरचा कागद गळून गेलेला असेल.